गुरुजी आकडा टाकतात

उरलेले तास : ७८

पंचनाम्यातली वाक्यं अशी :

"मंगळवार, २५ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून १० मिनिटे. मौजे शिरड शहापूर. ग्राहक पल्लवी भीमराज खिल्लारे यांच्या घरामागील तारेवर आकडा टाकून घेतलेली काळी वायर आढळली. सदर वेळी अंगणात विजेवर चालणारी चारचाकी चार्जिंगला लावलेली होती. शेजारी राहणाऱ्या शकुबाई किसनराव यांनी सांगितले की, भीमराज गुरुजी रोज सकाळी आकडा टाकतात, हे मी स्वतः पाहते. वायर जप्त केली."

पंचनाम्यात न आलेली वाक्यं अशी :

"तरीच म्हणलं, ह्यांच्या दारात गाडी कशी."

"गाडीला करंट कुठून येत असंल, आता कळालं."

"गुरुजी म्हणे! लेकरांना पाढे शिकवले अन् म्हातारपणी आकडे टाकून राहिले."

शेवटच्या वाक्याला लोक हसले. भीमराज गुरुजी दारात उभे होते. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला. पुसतच राहिले.

उरलेले तास : ७५

पल्लवी, गुरुजींची मुलगी, गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. सात वर्षं कंत्राटावर. कायम करायच्या यादीत यंदा तिचं नाव आलं होतं आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी सुरू होती. पडताळणी सुरू असताना वीजचोरीचा गुन्हा नोंदला गेला, तर यादीतून नाव जाणार. सात वर्षांसकट.

दुपारी ती हिंगोलीला वीज कार्यालयात पोचली. भरारी पथकाच्या साहेबांनी वर न बघता सांगितलं, "शुक्रवारी पाचला फाइल पोलीस ठाण्यात जाईल. त्याच्या आत तडजोडीचा अर्ज भरा, विषय मिटतो."

"तडजोडीत काय लिहायचं?"

"चोरी झाली, असं."

"पण झाली नाही."

"मॅडम, गेल्या दोन महिन्यांत तुमचं मीटर किती फिरलं? महिन्याला साठ युनिट. त्याआधी दोनशेच्या वर. गाडी तीच, घर तेच. दीडशे युनिट कुठं गेले?"

"तेच तर मी तुम्हाला विचारलं होतं! लेखी! नवीन मीटर हळू चालतंय, तपासा, म्हणून दोन अर्ज दिलेत. हे बघा, आवकचे शिक्के."

साहेबांनी शिक्के पाहिले. क्लार्कला हाक मारली. क्लार्क आत गेला, बाहेर आला.

"अर्ज सापडत न्हाईत साहेब."

"चोर स्वतः येऊन सांगतो का, की माझं मीटर हळू चालतंय, तपासा?" पल्लवीचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू गेला. तिला ते हवंच होतं.

"ते कोर्टात सांगा," साहेब म्हणाले.

उरलेले तास : ५५

बुधवारी सकाळी दहाला एसटीतून एक म्हातारा उतरला. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेस्टर, भिंगाची काच आणि फडक्यात गुंडाळलेला दोनशे वॅटचा बल्ब. हिरासिंग राठोड. तीस वर्षं वीज मीटर तपासायच्या टेबलावर काढून निवृत्त झालेले. तांड्यावरच्या शाळेत गुरुजींनी त्यांच्या मुलाला शिकवलं होतं. फोनवर गुरुजींनी एवढंच सांगितलं होतं, "हिरासिंग, मला चोर म्हणून राहिले." हिरासिंग पुढचं न ऐकता निघाले.

अंगणात पांढरी गाडी. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"ही रस्त्यात धोका देते का पोरी?"

"दोन वर्षांत एकदाही नाही, काका. औंढ्याच्या घाटानं बैठकांना जाते. व्होल्टेज पडलं की चार्जर थांबतो, आलं की आपणहून चालू होतो. बस एवढंच. लोक विचारतात बंद पडली तर बैल आणू का. बैल अजून कुणाला लागला नाही."

"दिवसा काहून लावतेस?"

"नवीन मीटरवर नऊ ते पाच दर थोडा उतरतो. गाडी लावते त्या दिवशी मी उपकेंद्रात पायी जाते. सगळ्या गावासमोर लावते, काका. भरदिवसा, अंगणात! चोरी म्हणे."

हिरासिंग मागच्या भिंतीकडे गेले. वायर पथकानं नेली होती, पण पल्लवीनं मोबाइलवर फोटो काढला होता. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, काच लावली. वायर भिंतीपर्यंत येते. भिंतीवर खिळ्याला बांधलेली. बांधायला निळी प्लास्टिकची पट्टी.

"इथून गाडीच्या सॉकेटपर्यंत किती?"

"वीस फूट तरी."

"वायर इथंच संपते. मग करंट काय चालत गेला?" ते पहिल्यांदा हसले. मग वर तारेकडे पाहून हसायचे थांबले. बराच वेळ पाहत राहिले.

"ही लाइन कुठली?"

"शेताकडं जाते."

"हां," हिरासिंग म्हणाले.

उरलेले तास : ५४

गुरुजींचं कॅलेंडर, स्वयंपाकघरातलं, खिडकीशेजारी टांगलेलं. प्रत्येक चौकोनात पेन्सिलनं एक आकडा. शाळेत हजेरी टाकायचे, निवृत्तीनंतर मीटरचा आकडा टाकतात. सवय. रोज सकाळी मीटर बघून यायचं, चौकोनात लिहायचं आणि घरात मोठ्यानं सांगायचं, "पल्लवी, आकडा टाकला बरं का!"

नोव्हेंबरचे काही चौकोन :

११ : ९७
१२ : ९८
१३ : ९८
१४ : ९८ ?
१५ : ९९

"हे प्रश्नचिन्ह?" हिरासिंगांनी विचारलं.

"तीन सकाळी तोच आकडा. पंखा चालू, फ्रिज चालू, अन् मीटर मेल्यावानी. त्याच दिवशी पल्लवीनं दुसरा अर्ज लिहिला."

पल्लवीनं गाडीचं ॲप उघडलं. १३ तारीख, गुरुवार, सकाळी दहा ते दुपारी तीन, घरी चार्जिंग, सतरा युनिट.

सतरा युनिट गाडीत गेले. मीटरवर शून्य.

गुरुजी हळूच खाली बसले. "म्हंजे हिरासिंग, ह्या कॅलेंडरनं आमीच आमच्यावर पुरावा लिहून ठेवला की."

"गुरुजी, थांबा. ह्या कॅलेंडरमुळं तकलीफ कुणाला होणार, ते अजून ठरायचं हाय."

उरलेले तास : ५१

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचा एक डबा. त्यात शेजारी शेजारी दोन नवीन मीटर, एक पल्लवीच्या नावाचं, एक शेजारच्या किसनरावांचं. दोन्हींच्या वायरी निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या. हिरासिंगांनी पट्ट्या मोजल्या. चार जागा, तीन पट्ट्या. चौथी कुणीतरी सोडवून नेलेली.

किसनराव ओट्यावर होते. जमीनदार माणूस, आवाज मोठा.

"राठोड, तुमी त्यांच्याकडून आले, माहीत हाय. पण मी खोटं बोलत न्हाई. घरात म्हातारा-म्हातारी दोघं. पोरगं शेतातल्या खोलीवर. अन् बिल? फॅक्टरीचं! नवीन मीटर बसल्यापासून. माझा करंट कुणीतरी प्यायलंय, हे मी मीटर बसवणाऱ्या विश्वंभरला सांगितलं. तो बघून गेला अन् म्हणला, शेजारी बघा, आकडा टाकत असतील."

"विश्वंभर काय बघून गेला?"

"डबा उघडला, बघितलं, बंद केला. चेहरा उतरला होता बेट्याचा. मला वाटलं, एवढी मोठी चोरी बघून."

"तुमच्या घरातून वायर गेली का त्यांच्याकडं?"

"न्हाई."

"मग आकडा तारेवर टाकला, तर तुमचं मीटर काहून फिरंल? तारेवरचा करंट तर कुणाच्याच मीटरात येत न्हाई."

 हा प्रश्न दोन महिन्यांत किसनरावांना कुणी विचारला नव्हता. त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता. शेजारी कोण राहतं, एवढं उत्तर त्यांना पुरलं होतं.

शकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "मी काय वाईट बोलले का हो? ते साहेब दारातच आले. माझे हात पिठाचे. म्हणले, मावशी, गुरुजी आकडा टाकतात का? म्हणलं, व्हय, रोज सकाळी टाकतात की. खिडकीतून दिसतात. मोठ्यानं सांगतात बी. त्याच्यात काय एवढं? लिहून घेतलं अन् गेले. मागून लोक हसाया लागले तवा कळालं, कोणता आकडा म्हणत होते."

"मग सांगितलं काहून न्हाई परत जाऊन?"

शकुबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"मावशी, मंगळवारी सकाळी गल्लीत कोण आलं होतं?"

"कुणी न्हाई. ते मीटरवालं तेवढं. नऊच्या सुमाराला. सील बघतो म्हणलं. हातात बांबू होता."

"सील बघाया बांबू?"

"मला काय म्हाईत बाबा."

"बरं, ह्या महिन्यात गावाला गेले होते का तुमी?"

शकुबाईंचा चेहरा उजळला. "व्हय! पुसेगावला. आमच्या सृष्टीच्या लेकराचं बारसं. ११ला संध्याकाळी गेलो, १४ला रातच्याला आलो. फ्रिज रिकामा केला, मेन पाडलं अन् कुलूप घातलं. मी कुठं बी गेले तर मेन पाडूनच जाते. आगीचं भ्या वाटतं."

हिरासिंगांनी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

उरलेले तास : ४८

वैजनाथ, किसनरावांचा मुलगा. "ह्यांच्या दारात गाडी कशी" हे चारचौघांत पहिलं बोलणारा तोच. हळदीच्या शेतात पाइप जोडत होता.

"मी बोललो. बोलणं गुन्हा हाय का? पण वायर मी न्हाई टाकली."

"मला माहीत हाय, तू न्हाई टाकली."

वैजनाथ चमकला. "कसं काय?"

"तुझे डोळे लाल हायेत. ह्या आठवड्याला शेतीच्या लाइनीची कोणती पाळी?"

"रात्रपाळी. रात्री दहा ते सकाळी सहा. शनिवारपासून झोप न्हाई. दिवसा तर तारेत जीवच न्हाई, तारेवर धोतर वाळवा."

"तुझ्या बापाला बी माहीत हाय हे?"

"गावातल्या शेंबड्या पोराला माहीत हाय."

"बराबर," हिरासिंग म्हणाले. "म्हणूनच गावातलं कुणीच न्हाई."

ते वळले. मग परत वळले. "अन् बोलणं गुन्हा हाय का, विचारलं ना? तू एक गाडी बघून बोलला. तुझ्या बोलण्यावर बाकीच्यांनी चोरी बघितली. कायद्यात त्याला कलम न्हाई, एवढंच."

उरलेले तास : ३०

गुरुवारी हिरासिंगांनी विश्वंभरला फोन केला. ठेकेदाराचा सुपरवायझर, बाहेरच्या जिल्ह्यातला, दोन महिन्यांपूर्वी शिरड शहापूरचे सगळे मीटर त्याच्याच माणसांनी बसवले होते.

"मंगळवारी तुम्ही गावात होतात?"

"नाही. मी हिंगोलीतच होतो."

"मग सील कुणी तपासलं?"

"कसलं सील? कोण बोलतंय?"

"एक जुना मीटरवाला. उद्या अकराला शिरड शहापूरला या. भरारी पथकाचे साहेब पण येणार हायेत."

"मला का बोलावता? चोरी त्यांनी केली."

"चोरी म्हणलोच न्हाई मी," हिरासिंग म्हणाले. "सील म्हणलो."

उरलेले तास : ६

शुक्रवार, सकाळी अकरा. पत्र्याच्या डब्यापुढे तेच लोक, जे मंगळवारी हसले होते. साहेब घड्याळ बघत होते. विश्वंभर मोबाइल बघत होता.

"साहेब, मला तुमची मशीन नको, माझी नको," हिरासिंग म्हणाले. "मीटरवर लाल दिवा असतो. वीज जितकी जास्त, तितका तो भराभर मिचकावतो. मावशी, घरात जा अन् मेन पाडा. पल्लवी, तुमचं सगळं चालू राहू दे."

आतून खट्ट असा आवाज आला.

पल्लवीच्या मीटरचा दिवा विझला.

पल्लवीच्या. तिच्या घरात पंखा फिरत होता, फ्रिज गुणगुणत होता, दारातून दिसत होता बल्ब. आणि तिचं मीटर मेलं होतं.

"आता गाडी लाव पोरी."

पल्लवीनं अंगणात जाऊन चार्जर जोडला. किसनरावांच्या घरात मेन पाडलेलं आणि किसनरावांच्या मीटरचा दिवा असा धावू लागला की मोजता येईना.

कुणी हसलं नाही.

"ह्या डब्यात दोन घरांच्या वायरी उलट्या जोडल्या," हिरासिंग म्हणाले. "दोन महिने गुरुजींच्या घराचं बिल किसनरावांनी भरलं, अन् किसनरावांच्या घराचं गुरुजींनी. मावशी पुसेगावला गेल्या, मेन पाडलं, तर कॅलेंडरवर गुरुजींचा आकडा तीन सकाळी हलला न्हाई. ९८, ९८, ९८. गुरुजींनी प्रश्नचिन्ह टाकलं. तुमी अर्ज हरवला."

"मीटरची चूक मान्य," साहेब घाईनं म्हणाले. "पण तारेवरची वायर तर होती!"

"होती. तुमी तिला टेस्टर लावला?"

साहेबांनी फाइल उघडली.

"फोटो काढला अन् नेली. पंचनामा वाचा. सकाळी अकरा दहा, गाडी चार्जिंगला. ही तार शेतीची. ह्या आठवड्याला तिला रात्रपाळी. सकाळी सहानंतर तारेत काहीच नसतं. मेल्या तारेवरून गाडी चार्ज झाली, असं तुमी लिहून त्याच्यावर चार सह्या घेतल्या! एकानं बी वाचलं न्हाई?"

गर्दीतून वैजनाथ पहिल्यांदा बोलला, खाली बघत. "अरे हां. दिवसा तर लाइनच न्हाई."

"ही चूक ह्या गावचा माणूस करत न्हाई. ज्याला पाळी माहीत न्हाई, तार दिसली की करंट असंलच असं ज्याला वाटतं, तोच करतो. अन् वायर बांधली कशानं? निळ्या पट्टीनं. डब्यात चार पट्ट्यांच्या जागी तीन. मंगळवारी नऊला बांबू घेऊन सील बघाया कोण आलं होतं मावशी?"

दारात आलेल्या शकुबाईंनी बोट केलं. "हेच पोरगं."

विश्वंभरच्या हातातला मोबाइल खाली आला. "दोन वायरी उलट्या झाल्या होत्या," तो म्हणाला. "कळवलं असतं तर गावातले सगळे डबे उघडायला लावले असते. ठेका गेला असता. माझी नोकरी गेली असती. मला वाटलं, तडजोड भरतील, मिटेल."

"तुझी नोकरी," पल्लवी म्हणाली. एवढंच. मग म्हणाली, "आमचंच घर का?"

त्याची नजर अंगणातल्या गाडीवर गेली. उत्तर सगळ्या गल्लीला माहीत होतं. गाडी ज्या दारात लोकांना खुपत होती, तिथंच वायर टांगली की पुरावा लागणार नव्हता. अंदाज खरा ठरला होता. विश्वंभरनं एक वायर टांगली आणि पथकाला कळवलं. बाकी सगळं गावानं आपणहून केलं.

उरलेला तास : १

चार वाजता, हिंगोली, वीज कार्यालय. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "घ्या. फाइल बंद. पोलिसांकडे जाणार नाही. विश्वंभरचं आणि ठेकेदाराचं आम्ही वेगळं बघतो."

पल्लवीनं वाचलं. "सबब, ग्राहकास संशयाचा फायदा देऊन प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

तिनं कागद परत सरकवला.

"काय झालं?"

"संशय तुमचा होता. फायदा मला कसला देता?"

"मॅडम, ही नेहमीची भाषा आहे. पडताळणीला एवढं चालतं. एका शब्दाचा काय एवढा बाऊ?"

"एका शब्दावरच धरलं ना तुमी?" तिची ऑफिसातली भाषा गळून पडली होती. "आकडा! विचारलं न्हाई कोणता, लिहून मोकळे झाले. माझ्या बापाला गावानं चार दिवस चोर म्हणलं. हा कागद उद्या कुणी बी काढील अन् म्हणील, संशय होता बरं का. न्हाई घेत मी. शब्द बदला."

दारात शकुबाई उभ्या होत्या. किसनरावांना न विचारता गावाहून एसटीनं एकट्या आल्या होत्या.

"साहेब, माझं बी एक हाय. त्या कागदावर माझ्या तोंडचं वाक्य हाय ना? ते अर्धं हाय. पुरं लिहा, मग सही करते. पहिल्या वेळी वाचून न्हाई दाखवलं मला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं. त्यांनी पेन घेतलं.

उरलेले तास : ०

पल्लवीच्या हातातल्या कागदावर आता असं होतं : "ग्राहकाने कोणतीही वीजचोरी केलेली नाही."

आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या कागदावर, शकुबाईंच्या वाकड्यातिकड्या सहीच्या वर :

"भीमराज गुरुजी रोज सकाळी कॅलेंडरवर आकडा टाकतात, हे मी स्वतः पाहते."

शनिवारी सकाळी पल्लवीनं दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढल्या आणि गावच्या चौकात, मंगळवारी लोक जिथून हसत आले होते तिथं, फलकावर खळ लावून चिकटवल्या. वैजनाथ जवळच उभा होता. त्यानं वाचलं. मान खाली घालून निघून गेला. तिनं त्याला थांबवलं नाही.

घरी गुरुजी स्वयंपाकघरात उभे होते. पेन्सिल हातात, चौकोन कोरा. बुधवारपासूनचे चारही कोरे होते.

"बाबा, आकडा?"

"टाकू?" त्यांनी विचारलं. ऐंशीला आलेल्या माणसानं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॅलेंडरपुढे.

पल्लवीनं खिडकी पूर्ण उघडली. "टाका. अन् मोठ्यानं सांगा."